कृतीचा तास आणि भाषेचा तास

शाळेचे वेळापत्रक ही एक संहिताच असते आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ती संहितेसारखी वाचायला हरकत नाही. सकाळच्या ताज्या तासिका भाषा आणि गणित यांना. मधल्या सुट्टीच्या आसपास इंग्रजी आणि परिसर अभ्यास. आणि दिवस कलला, मुले जांभया देऊ लागली, की चित्रकला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. ज्या तासिकेत मुलांचे हात हलायचे ती तासिका दिवसाच्या शेवटी येते. गुरुजींची रजा, तातडीने पाठवायची माहिती, केंद्रावरची बैठक यांपायी बळी जाते तीही तीच. परीक्षा जवळ आली की कार्यानुभवाची तासिका गणिताला दिली जाते. गणिताची तासिका कार्यानुभवाला दिल्याचे ऐकिवात नाही. कोणते ज्ञान वरचे आणि कोणते खालचे, हे आपण मुलाला कोणत्याही धड्यात सांगत नाही. ते वेळापत्रक सांगते.

या मांडणीविरुद्ध बोलणारे आता पुष्कळ झाले आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना शाळेची कल्पना मांडली. 'कृतियुक्त शिक्षण', 'अनुभवाधारित शिक्षण', 'ज्ञानरचनावाद' हे शब्द प्रशिक्षणवर्गांतून इतके फिरले आहेत की नाण्यावरचा छाप पुसट व्हावा तसे त्यांचे झाले आहे. दुसऱ्या बाजूला आहे तो आपल्या सांगली-साताऱ्याकडचा पालक. त्याचे लक्ष शिष्यवृत्तीच्या यादीकडे असते, पलूसच्या नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेकडे असते. त्याला कृतियुक्त शिक्षणाचे महत्त्व पटवायला गेले तर तो शांतपणे म्हणतो, "मातीत हात घालायचेच असतील तर पोरगं ते घरीही घालतंय, त्यासाठी शाळेत कशाला पाठवायचं?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. या साऱ्या चर्चेतला तो सर्वांत गंभीर प्रश्न आहे, आणि कृतीचा पुरस्कार करणाऱ्यांनी त्याला सरळ उत्तर दिलेले फारसे आढळत नाही.

या लेखात मांडायचे आहे ते एवढेच, की कृती आणि अभ्यास यांची फारकत होते ती भाषेच्या जागी. हाताने केलेले काम मुलाकडून बोलून घेतले जात नाही, लिहून घेतले जात नाही, कोणी वाचत नाही, तेव्हा कृती ही घटकाभराची करमणूक ठरते. आणि पुस्तकातल्या शब्दाला मुलाच्या हाताचा, नाकाचा, डोळ्यांचा काहीच पुरावा मिळत नाही, तेव्हा अभ्यास म्हणजे घोकंपट्टी होते. या दोन्हींमधला पूल भाषेचा आहे. म्हणूनच हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या पदविकेपुरता न ठेवता मराठी शिकवणाऱ्या आपण सर्वांनी आपला मानायला हवा.

हाताच्या शिक्षणाचा विचार आपल्या भागाला नवा नाही. जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी होती, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनातील दुसरा भाग मात्र तितकासा उद्धृत होत नाही. खेड्यातल्या शाळांत मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी सुचवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला त्यांना लाज वाटू नये, अशीही त्यांची अपेक्षा होती. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. फुल्यांनी शेतीला व्याकरणाच्या ऐवजी आणले नाही. दोन्हींना एकाच यादीत बसवले. आणि हाताच्या कामाचा आग्रह त्यांनी आधी मुलांकडे धरला नाही, शिक्षकाकडे धरला. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आपण नेमके उलट करत आलो: काम मुलांना दिले आणि शिक्षकाचे हात कागदपत्रांत अडकवून ठेवले.

फुल्यांचा धागा पुढे नेला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक हे त्यांचे गाव. किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने गावोगाव फिरलेल्या या माणसाने १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये तिचा मुक्काम साताऱ्यास हलवला. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद. वसतिगृहातली मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, आणि सर्व जातींची मुले एकाच पंगतीला बसत. येथे हाताच्या कामाला आणखी एक अर्थ मिळाला. भाकरी कोणी थापली आणि ती कोणी खाल्ली या प्रश्नावर जो समाज उभा होता, त्याला वसतिगृहाच्या चुलीनेच उत्तर दिले. म्हणजे हाताचे काम शिक्षणाचा खर्च भागवत होते आणि त्याच वेळी जातीची उतरंडही हलवत होते. मात्र हे वसतिगृहातल्या मोठ्या मुलांचे झाले. प्राथमिक शाळेतल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला हाताने काय करायला द्यायचे आणि त्याचा अक्षरांशी संबंध काय जोडायचा, हा प्रश्न निराळा, आणि अधिक नाजूक आहे.

त्या प्रश्नाला राष्ट्रीय पातळीवर उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला झाला. महात्मा गांधींच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक उद्योगाभोवती गुंफलेले असावे, असा विचार मांडला गेला, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा तयार केला. 'नई तालीम' ती हीच. आपल्याकडे ती 'मूलोद्योग' या नावाने प्राथमिक शाळांत आली. 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' ही अक्षरे काही जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजून दिसतात, ती त्याच काळाची खूण. मूळ कल्पना समवायाची होती: सूत कातताना तारांची मोजणी आली की गणित, कापूस कोठून येतो हे विचारले की भूगोल, कापडाची गोष्ट निघाली की इतिहास. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी टकळी तेवढी फिरत राहिली. मूलोद्योगाचा तास वेगळा आणि भूगोलाचा तास वेगळा झाला. सूत किती निघाले याची नोंद राहिली, त्या सुताविषयी मुलाला काय कळले, त्याने काय विचारले, काय लिहिले, याची राहिली नाही. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' हा शब्द दिला, १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हा. नावे बदलत गेली. वेळापत्रकातली जागा बदलली नाही. खडूच्या पेटीचे शोभिवंत घर, लोकरीची फुले, काडेपेट्यांचे दिवाण: पिढ्यान्‌पिढ्या या वस्तू प्रदर्शनाच्या टेबलावर मांडल्या गेल्या आणि मार्चअखेर अडगळीत गेल्या. त्यांतल्या पुष्कळशा आईने किंवा थोरल्या बहिणीने केलेल्या असत, हेही सर्वांना ठाऊक होते.

आता त्या पालकाच्या प्रश्नाकडे वळू. हाताचे काम म्हणजे थोर, हे वाक्य ज्याच्या हाताला घट्टे नाहीत त्याने म्हणणे सोपे असते. ज्यांच्या पिढ्यांना हाताच्या कामापलीकडे काही करूच दिले गेले नाही, त्यांना शाळा हवी असते ती त्या कामातून सुटण्यासाठी. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. न्हाव्याच्या मुलाने हजामत आणि कुंभाराच्या मुलाने चाक शिकायचे, असा तिचा उघड अर्थ लोकांनी घेतला. तिला 'कुलशिक्षण' म्हणून हिणवले गेले, आंदोलन झाले, आणि १९५४मध्ये राजाजी पायउतार झाल्यावर कामराज यांनी ती मागे घेतली. कृतिशिक्षणाविषयी बोलताना हे उदाहरण डोळ्यांआड करून चालणार नाही. गळीत हंगामात कारखान्यांच्या आसपास पडणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांतले मूल पहाटे उठून वाडे गोळा करते, मोळ्या बांधायला हात लावते, लहान भावंड सांभाळते. त्याच्या आयुष्यात कृतीची वाण नाही. वाण आहे ती अक्षरांची. अशा मुलाला शाळेत पुन्हा 'कृती' द्यायची आणि वाचन-लेखन मात्र आपोआप येईल असे समजायचे, हा अन्यायच होय. पाचवीतल्या बऱ्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता येत नाही, हे 'असर'ची सर्वेक्षणे २००५पासून सांगत आली आहेत. आणि न वाचता येणारी ही मुले बहुतांशी कोणाच्या घरची असतात ते सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

साहित्याच्या वाचकाला येथे 'बनगरवाडी' आठवेल. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. तिचा प्रदेश औंध संस्थानातला माणदेश. मेंढरांमागे जाणाऱ्या धनगरांच्या वाडीवर शाळा भरवायची कशी, हाच तिथल्या तरुण मास्तरापुढचा पहिला प्रश्न आहे. आपण ती वाचतो, शिकवतो, तिच्यातल्या प्रादेशिकतेवर टिपणे देतो. पण तिच्यात एक शैक्षणिक प्रश्नही आहे: कळपातले प्रत्येक मेंढरू ओळखणाऱ्या, पावसाची चाहूल घेणाऱ्या लोकांना मास्तर अक्षरे द्यायला आला आहे, आणि त्यांच्याकडच्या ज्ञानाला त्याच्या पाटीवर जागा नाही. कादंबरीत मास्तर हळूहळू वाडीकडून शिकत जातो. गावकऱ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते. मात्र गावाचे शहाणपण शाळेच्या अभ्यासात उतरत नाही. ते तसे उतरवण्याचा प्रयत्न कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केला. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, अशी त्यांची 'कुरणशाळा'. तिचे मोल केवळ सोयीत नव्हते. आदिवासी मुलाला ज्या पानाफुलांची, बियांची, पाखरांची ओळख आहे, तिथूनच मोजणे आणि बोलणे सुरू करायचे, हा त्यामागचा विचार होता.

याच विचाराची अधिक पुढची, आणि भाषेच्या दृष्टीने अधिक नेमकी, मांडणी आपल्या शेजारी फलटणला झाली. डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन, पुढे भारतीय नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या मराठी बोलीत सामाजिक स्तरांनुसार कसे भेद पडतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. शाळा ज्यांच्या नावाची, त्या कमलाबाई निंबकर यांनी भारतात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा पाया घातला. म्हणजे हाताच्या कामातून माणूस पुन्हा उभा राहतो हे ज्यांनी दाखवले त्यांचेच नाव या शाळेला मिळाले. पण या शाळेचा विशेष असा की हस्तव्यवसायाचे कौतुक करत असताना तिने वाचनाकडे दुर्लक्ष केले नाही; उलट वाचायला शिकणे हीच एक कृती मानली. वर्णमाला ओळीने घोकून न घेता थोडी अक्षरे आणि त्यांच्यासोबत लगेच काही स्वरचिन्हे घ्यायची, त्यांतून मुलांच्या ओळखीचे शब्द तयार करायचे, मुले जे बोलतात ते फळ्यावर लिहायचे आणि तेच त्यांना वाचायला द्यायचे. घरची बोली अशुद्ध म्हणून पुसायची नाही; तिच्यावरून प्रमाणभाषेकडे जायचे. ज्या बाईंनी बोलीतील सामाजिक भेदांवर प्रबंध लिहिला, त्यांना हे उमगले यात नवल नाही. मुलाच्या तोंडातला पहिला शब्दच शाळेने चुकीचा ठरवला तर त्याचा हात पाटीवर चालणार कसा?

कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाचेही असेच. लीलाताई पाटील यांनी ते १९८५मध्ये, शिक्षक-प्रशिक्षणातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर सुरू केले. ना. सी. फडके यांच्या या कन्येने वडिलांच्या कलावादापेक्षा फार वेगळी वाट धरली. अनुभव आला, की त्याविषयी बोलणे आले, प्रश्न विचारणे आले, लिहिणे आले. अनुभव घेऊन तो तसाच सोडून द्यायचा नाही, हा त्यांच्या लेखनातून सतत येणारा आग्रह आहे. २०२०मध्ये त्या गेल्या. त्यांची पुस्तके मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत वैचारिक गद्य म्हणून कधी नेमली जाणार, हा प्रश्न आपल्यालाच विचारलेला बरा.

या दोन्ही शाळा खासगी आणि लहान होत्या; त्यांचे सरकारी शाळांना काय, असा आक्षेप येऊ शकतो. त्याला उत्तर सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटने दिले. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथले शिक्षक यांनी जिल्हा परिषदेच्या सुमारे चाळीस शाळांत वर्गाची रचनाच पालटली. मुले गटागटाने जमिनीवर बसू लागली. बिया, खडे, काड्या, दशकाचे गठ्ठे हाताळत संख्या शिकू लागली. शब्दपट्ट्या आणि चित्रे यांच्याशी खेळत वाचू लागली. शिक्षक मुलांत बसून त्यांना बोलते करू लागले. राज्यभरातून शिक्षकांच्या तुकड्या हे पाहायला आल्या, आणि २२ जून २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयाच्या सुमारास कुमठे हे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढे जे घडले तेही नोंदवले पाहिजे. पाहायला आलेल्यांना सर्वांत आधी दिसली ती रंगवलेली फरशी. फरशीवर आखलेले अंकांचे चौकट, अक्षरांची चक्रे, बाणांच्या आकृत्या. परत गेल्यावर सर्वांत सोपे होते ते फरशी रंगवणे. आणि अनेक शाळांच्या फरशा रंगल्या. छायाचित्रे निघाली, वर पाठवली गेली. मात्र त्या फरशीवर बसून मूल काय बोलते, गुरुजी काय विचारतात, चुकलेल्या उत्तरातून मुलाचा विचार कसा ओळखतात, हे छायाचित्रात येत नाही. आपल्या भाषेत अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते हेच. टकळीचे जे झाले तेच फरशीचे झाले: साधन पोचले, संभाषण पोचले नाही. कुमठ्याच्या शिक्षकांचा यात दोष नाही. दोष आहे तो कृती म्हणजे वस्तू अशी समजूत करून घेणाऱ्या आपल्या व्यवस्थेचा.

मग कृतीला भाषा जोडायची म्हणजे काय करायचे? सांगलीपुरते एक उदाहरण घेऊ. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर नाट्यवाचकांना गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव म्हणून ठाऊक आहे. याच गावी हळद साठवण्याची पेवे आहेत: जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणारे खड्डे. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. तिसरी-चौथीच्या मुलांनी एक दुपार पेवापाशी घालवली तर काय काय हाती लागेल याचा विचार करा. तोंड किती वितींचे, खोली किती, आत किती पोती मावतील: हे मोजमाप. हळद शिजवून, वाळवूनच पेवात का घालायची. बंद पेवात एकदम का उतरायचे नाही: हे विज्ञान. इथल्याच जमिनीत पेव का टिकते. नदीला पूर आल्यावर काय झाले: हा भूगोल आणि इतिहास. पेवात उतरलेल्या एखाद्या म्हाताऱ्या हमालमामांना प्रश्न विचारणे, त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून घेणे, परत येऊन ते सलग लिहिणे: ही भाषा. आणि मग दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहावे, 'पेव फुटणे'. गावात शिकवण्यांचे पेव फुटले, भाषणांचे पेव फुटले. हा वाक्प्रचार सर्व महाराष्ट्रातली मुले 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' म्हणून पाठ करतात. ज्या मुलाने पेवाच्या काठावरून आत डोकावले आहे, त्याला अर्थ सांगावा लागत नाही. येथे कृतीचा तास कोठे संपला आणि भाषेचा कोठे सुरू झाला, हे कोणत्याही वेळापत्रकाला दाखवता येणार नाही.

असे पेव प्रत्येक गावात आहे. मिरजेत तंतुवाद्ये घडवणारी शिकलगार घराणी आहेत. तिथला भोपळा पोकळ का लागतो आणि तार ताणली की आवाज का चढतो, याहून चांगला ध्वनीचा धडा पुस्तकात नाही. वाळव्याच्या मुलाला उसाचे पेर, कांडे, डोळा, टिपरी हे शब्द ठाऊक असतात. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या किती लागतील हा गुणाकारच आहे. आमच्याकडे शेतातले तण काढण्याला 'भांगलण' म्हणतात. पुस्तकात 'खुरपणी' किंवा 'निंदणी' असते. आईबरोबर भांगलायला गेलेली मुलगी ते वाक्य वाचताना क्षणभर थांबते, आणि आपल्या घरात जे होते ते काही वेगळेच, पुस्तकात न येण्याजोगे असावे, असे समजून पुढे जाते. शिक्षकाने 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' एवढे विचारले तरी तिची आई पुस्तकात येते. हा प्रश्न विचारायला साहित्य लागत नाही, निधी लागत नाही, फरशी रंगवावी लागत नाही.

तो न विचारल्याचा परिणाम आपण महाविद्यालयात पाहतो. तासगाव-कवठेमहांकाळकडून येणारा, द्राक्षबागेत वाढलेला विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेला असतो. खरड छाटणी आणि फळ छाटणी यांतला फरक तो झोपेतही सांगेल. हवा बिघडली आणि घड जिरले, म्हणजे घरात काय होते, हे त्याने पाहिलेले आहे. 'घड जिरणे' या दोन शब्दांत एका वर्षाचे कर्ज आणि एका कुटुंबाची मुकी रात्र मावते. कोणत्याही कवीला हेवा वाटावा असा हा शब्दप्रयोग आहे. पण त्याच विद्यार्थ्याला 'शेतकऱ्याचे जीवन' या विषयावर लिहायला सांगितले, की तो गाईडमधला बळीराजा आणि जगाचा पोशिंदा उतरवून काढतो. त्याच्या हातातले ज्ञान आणि त्याच्या कागदावरची भाषा यांची ओळखच झालेली नसते. ती पहिलीत व्हायला हवी होती. मग आपण म्हणतो, मुलांना अनुभव नाही, वाचन नाही. वाचन नाही हे खरे. अनुभव नाही हे साफ खोटे. त्याचा अनुभव लिहिण्याजोगा आहे, असे त्याला बारा-तेरा वर्षांत कोणी सांगितलेले नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याने मराठीला जे दिले ते नेमके हेच होते, की हातावर पोट असलेल्यांचे शब्द कागदावर आणले. ते साहित्य आपण शिकवतो. त्यामागची रीत शाळेपर्यंत पोचवत नाही.

त्या पालकाच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. पोरगे घरी मातीत हात घालते, तर शाळेत कशाला, असे तो विचारतो. शाळेत यासाठी, की घरी हात चालतो पण त्याचा हिशेब कोणी मांडत नाही, त्याला 'का' म्हणून विचारत नाही, ते लिहून ठेवत नाही. शाळेने मुलाला पुन्हा मजूर बनवायचे नाही. त्याच्या हाताला जे कळते ते सांगण्याची, तपासण्याची आणि त्यापलीकडे जाण्याची ताकद त्याला द्यायची. ही ताकद आली तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेतही तो मागे पडणार नाही, कारण प्रश्न वाचून समजणे हीच त्या परीक्षेची पहिली पायरी असते. आणि पुढे शेतीत राहायचे की बाहेर पडायचे, हे जन्म ठरवणार नाही, तो ठरवील.

यासाठी नवे धोरण येण्याची वाट पाहायला नको. प्रत्येक कृतीनंतर मुलाने चार वाक्ये स्वतःच्या शब्दांत बोलावीत, दोन लिहावीत, आणि दुसऱ्याने ती वाचावीत, एवढा नियम एका शाळेने केला तरी पुरे. त्या लेखनात बोलीतला शब्द आला तर त्यावर लाल रेघ न मारता त्याच्याशेजारी प्रमाण शब्द लिहावा. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी आसपासच्या प्राथमिक शिक्षकांबरोबर बसून आपल्या तालुक्यातल्या धंद्यांचे, पिकांचे, अवजारांचे शब्द जमवावेत. आपले पदव्युत्तर विद्यार्थी प्रकल्पाच्या नावाखाली छापील समीक्षेची जुळवाजुळव करण्यात जी दोन-तीन महिन्यांची मेहनत घालवतात, तिचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही. असा संग्रह शाळेत गेला, तर मुलाला वाचायला त्याच्या गावाचा मजकूर मिळेल आणि आपल्या विद्यार्थ्याला बोलीविज्ञानाचा खरा धडा.

फुल्यांनी एकाच यादीत व्याकरण आणि शेती लिहिली त्याला आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. तेव्हापासून आपण त्या यादीचे दोन तुकडे करून एक सकाळी आणि एक दुपारी शिकवत आहोत. आणि दुपारचा तुकडा बहुधा रद्दच होतो. ते दोन्ही पुन्हा एका पानावर आणणे हे प्राथमिक शिक्षकाचे काम आहे. आणि त्या पानावरची भाषा कोणाची असेल, हे ठरवण्यात त्याच्या मदतीला जाणे हे आपले.